शब्दचर्चा: ‘कायद्यांचे संशोधन’ करायला सल्लागार हवाय, म्हणजे नक्की काय हवंय?

अर्धा कप
मंडळी मदत करा. आमची लघुउद्योजकांची छोटी संघटना आहे, पुण्याजवळ, बहुतेक सभासद मशीनचे सुटे भाग करून बाहेरदेशी पाठवणारे. मागच्या वर्षी दोघांच्या ईमेलमध्ये कुणीतरी मधेच घुसून बिलावरचा बँक खात्याचा नंबर बदलला, गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने वेळेवर पैसे भरले पण भलत्याच खात्यात, आणि मग तक्रार इथे करायची की तिकडे, तिकडच्या कायद्यात हे कशात बसतं, कुणालाच धड सांगता येईना. म्हणून कार्यकारिणीत ठराव झाला, ‘पाच देशांतील सायबर गुन्हेगारीविषयक कायद्यांचे संशोधन करण्यासाठी सल्लागार भाडेतत्त्वावर घेणे.’ देश म्हणजे भारत, ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर, यूएई. ठराव लिहिणारा मीच (त्यातलं भाडेतत्त्व खजिनदारांचं, ते गोडाऊनच्या फाइलमधून आलं असावं). तो जसाच्या तसा इंदूरच्या आमच्या जोडीदार संघटनेला गेला आणि तासाभरात फोन, “भाईसाहब, पांच देशों के कानून में संशोधन आप करवाओगे?”
मी दोन मिनिटं गप्प. तर आता शब्द काय वापरू? शोध? अभ्यास? धांडोळा?

वऱ्हाडी ठेचा
बाप्पा! आमच्या नागपुरात हा घोळ रोजचाच. हिंदीत संशोधन म्हणजे अमेंडमेंट, आपलं ‘सुधारणा’. आपला २००० चा आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायदा २००८ मध्ये बदलला त्याचं हिंदी नाव ‘सूचना प्रौद्योगिकी (संशोधन) अधिनियम’, मराठीत आपण ‘सुधारणा अधिनियम’ म्हणतो. दोन्हीकडे मूळ शुद्ध करणं हेच, हिंदीवाल्यांनी चूक दुरुस्त करण्याचा अर्थ धरला, आपण गाळून-चाळून खरं काय ते काढण्याचा धरला. ‘शोध’ टाकला तर हिंदीवाल्याला बरोबर कळेल पण मराठी माणूस म्हणेल कायदे हरवलेत का.
आणि एक सांगू, सल्लागाराने तक्ता करून दिला की त्यात ‘शिक्षा’ आणि ‘दंड’ असे दोन रकाने येणारच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि दंड म्हणजे आपली शिक्षा. त्याच आयटी कायद्याचं कलम ६६क (इंग्रजीत 66C), म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही चोरून वापरणं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुम्ही ‘शिक्षा: ३ वर्षे’ लिहाल आणि इंदूरवाल्यांना वाटेल डिप्लोमा आहे.

अर्धा कप
😂 ‘कैद’ आणि ‘दंडाची रक्कम’ असे रकाने करतो.

बोरीबंदर
‘तुलनात्मक अभ्यास’ लिहा, विषय संपला. भाडेतत्त्व आधी काढा, वकील ‘नेमतात’, भाड्याने मंडप घेतात.
पण माझ्या मते तुमच्या ठरावातला धोक्याचा शब्द संशोधन नाहीच, ‘सायबर गुन्हेगारीविषयक कायदे’ हा आहे. सल्लागार त्याच शब्दाला धरून शोधत बसला तर निम्मं काम हुकेल. ब्रिटनच्या कायद्याचं नाव कॉम्प्युटर मिसयूज अ‍ॅक्ट, १९९०, म्हणजे ‘संगणकाचा गैरवापर’. सिंगापूरचा १९९३ चा, तोही मिसयूजच, २०१३ मध्ये त्याला सायबरसिक्युरिटीचं शेपूट लावलं आणि २०१८ मध्ये परत काढलं. अमेरिकेचा १९८६ चा, त्यात फ्रॉड आणि अब्यूज. आपल्या २००० च्या आयटी कायद्यात तर सायबर गुन्ह्याची व्याख्याच नाही, आणि २००० च्या मूळ कलम ६६ मध्ये ‘हॅकिंग’ शब्द होता तोही २००८ च्या सुधारणेत गेला.
शिवाय तुमची केस बघा. खाते नंबर बदलून पैसे लाटले, याला ब्रिटनमध्ये फ्रॉड अ‍ॅक्ट २००६ लागतो, ज्याच्या नावात सायबरबियबर काही नाही. अमेरिकेत अशा केसेस ‘वायर फ्रॉड’खाली जातात, ते कलम १९५२ चं, वायर म्हणजे तार! तारेच्या जमान्यातलं कलम आज ईमेलला लावतात. तुमच्या ठरावाप्रमाणे शब्दशः काम केलेल्या सल्लागाराने हे दोन्ही कायदे सोडले तर त्याला दोषही देता येणार नाही, तुम्ही मागितलंच नव्हतं.

दुबईचा डबा
बोरीबंदरकाका एकदम बरोबर. इथला २०२१ चा ३४ नंबरचा कायदा, इंग्रजीत सायबरक्राइम्स म्हणतात पण अरबी नावात ‘अल-जराइम अल-इलेक्त्रोनिया’ आहे, इलेक्ट्रॉनिक गुन्हे. जराइम म्हणजे ‘जरीमा’चं (गुन्हा) अनेकवचन, जुर्म त्याच धातूतला, आपल्याकडच्या जुन्या कागदांतला ‘जरायमपेशा’ तोच. शेजारी सौदीत २००७ च्या कायद्यात ‘मालूमातिया’, म्हणजे माहितीचे गुन्हे. आणि आमच्या कायद्याच्या नावात सायबरच्या आधी ‘अफवा’ आहेत बरं का, अफवा आणि इलेक्ट्रॉनिक गुन्हे यांचा मुकाबला असं पूर्ण नाव. तुमच्या सभासदाने पैसे बुडाल्याच्या रागात गिऱ्हाइकाच्या नावाने फेसबुकवर शिव्या घातल्या तर ऑनलाइन बदनामी पण त्याच कायद्यात येते, फिर्यादीचा आरोपी व्हायचा. म्हणून ‘काय गुन्हा आहे’ याबरोबर ‘आपण काय करू नये’ हेही सल्लागाराला विचारा.

रत्नांग्रीकर
थोडं अवांतर. ‘सायबर’ला मराठी शब्द नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी. मूळ ग्रीक शब्द कुबेर्नेतेस, होडीचं सुकाणू धरणारा. १९४८ साली अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने त्यावरून सायबरनेटिक्स (नियंत्रणाचं शास्त्र) केलं, पुढे तिचं शेपूट तोडून सायबर. आपला ‘कर्णधार’ हुबेहूब तोच, कर्ण म्हणजे सुकाणू. लॅटिनमार्गे त्याच ग्रीक शब्दाचा गव्हर्नर झाला. थोडक्यात सायबर, राज्यपाल आणि आमच्या बंदरावरचा तांडेल ही सगळी एका घरातली माणसं. सायबर गुन्हा = तांडेलकीचा गुन्हा, घ्या लिहून ठरावात.

अर्धा कप
खजिनदार मला बुडवतील हो. बोरीबंदरकाका, मग असं लिहू का: ‘ईमेलमध्ये अनधिकृत प्रवेश करून देयकात फेरफार व फसवणूक, याला पाच देशांत लागू होणाऱ्या कायद्यांचा तुलनात्मक अभ्यास’?

बोरीबंदर
झकास, फक्त ‘अनधिकृत’ला जपा, सगळं भांडण त्याच शब्दात असतं. बाहेरचा चोर घुसला तर सोपं आहे. पण तुमच्याच हिशेबनीसाला मेलचा पासवर्ड दिलेला आहे आणि त्याने भलत्या कामाला वापरला, तो प्रवेश अधिकृत की अनधिकृत? अमेरिकेत यावर व्हॅन ब्युरेनचा खटला झाला, जॉर्जिया राज्यातला पोलीस सार्जंट, ड्यूटीच्या कॉम्प्युटरवरून पैशांच्या बदल्यात एका गाडीचा नंबर काढून बघितला. जून २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने ठरवलं की त्या १९८६ च्या कायद्यातल्या कलमाखाली गुन्हा होत नाही, कारण त्या फाइलपर्यंत जायची त्याला मुभाच होती, हेतू वाईट असला तरी. शब्दचर्चावाल्यांनी ऐका, निकालात पानंच्या पानं ‘सो’ या दोन अक्षरी इंग्रजी शब्दावर आहेत! ‘तशी माहिती मिळवण्याचा हक्क नसताना’ यातलं ‘तशी’ म्हणजे नेमकी कशी, एवढाच वाद. उलट आपल्या आयटी कायद्याच्या कलम ६६ मध्ये अप्रामाणिकपणा किंवा कपट होतं का हे बघतात. सल्लागाराने नुसतं ‘पाचही देशांत अनधिकृत प्रवेश हा गुन्हा’ असा एका ओळीचा रकाना भरून दिला तर पैसे परत मागा.

वऱ्हाडी ठेचा
आणि आयटी कायद्याच्या कलम ६६ड (66D) साठी तर आपल्याकडे काय फर्स्टक्लास शब्द आहे राजेहो, तोतयेगिरी! कॉम्प्युटर वापरून दुसराच कुणी असल्याचं भासवून ठकवणं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, आता तुमच्या कंपनीचा ईमेल तोतया. लोक उगाच ‘इम्पर्सोनेशन’ लिहितात, चार वेळा लिहिलं तर चार वेगळी स्पेलिंगं.

शेवयांची खीर
मी कंपनीत हेच काम देते-घेते म्हणून दोन गोष्टी. एक, ‘कायदेशीर सल्लागार’ लिहू नका, बाकीचे काय बेकायदेशीर असतात का, ‘कायदा सल्लागार’ लिहा. ‘विधी सल्लागार’ सरकारी आहे पण आमच्या सासूबाईंना वाटलं मी अंत्यविधीचं बघते. दुसरं, आधी ‘सल्ला’ हवा की ‘माहिती’ हे ठरवा दादा. एक माणूस पाच देशांचे कायदे वाचून टिपण देऊ शकतो, पण दुबईत किंवा लंडनमध्ये केस टाकायची वेळ आली तर त्याच्या टिपणावर भागणार नाही, तिथला वकील लागेल. म्हणून ठरावात ‘प्रत्येक परदेशाबाबतचे टिपण तेथील वकिलाकडून तपासून घेणे’ ही ओळ घाला आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हेही. ‘कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा पाहिला’ हे पण लिहून मागा.

दुबईचा डबा
त्यातच ‘करार’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवा ताई. सल्लागाराशी करार आणि देशादेशांतला करार. बुडापेस्टचा २००१ चा सायबर गुन्ह्यांचा करार, त्यात भारत नाही, त्यामुळे पुरावे मागवायचे रस्ते बदलतात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०२४ मध्ये नवा करार मंजूर केला, त्याच्या नावावरूनही खल झाला, शेवटी ‘सायबर गुन्हे’ आणि ‘माहिती व संपर्क तंत्रज्ञान वापरून केलेले गुन्हे’ दोन्ही घालून नाव भलंमोठं झालं.

अर्धा कप
सगळ्यांना धन्यवाद. नवीन मसुदा: ‘ईमेलमध्ये अनधिकृत प्रवेश, तोतयेगिरी व देयकातील फेरफार करून झालेल्या फसवणुकीस भारत, ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर व यूएई येथे लागू होणारे कायदे (नावात सायबर असो वा नसो) यांचा तुलनात्मक अभ्यास करण्यासाठी कायदा सल्लागार नेमणे, परदेशांबाबतचे टिपण तेथील वकिलाकडून तपासून घेणे, योग्य ते मानधन देण्यात येईल.’ इंदूरला ‘अध्ययन’ लिहून पाठवलं, लगेच अंगठा आला.

शेवयांची खीर
कंसातलं वाक्य भारी. पण ‘मानधन’ काढा हो, ते वाचून चांगला वकील फोनच करत नाही, त्याला वाटतं शाल, श्रीफळ आणि अकराशे रुपये. ‘फी’ लिहा.

अर्धा कप
खजिनदारांना म्हटलं तसं. ते म्हणाले, म्हणूनच तर मानधन लिहिलंय.