ब्रिटिश विनोद कडू, अमेरिकन गोड? आधी भाग मोजा

खडूस_कारकून

ब्रिटिश विनोद तिरकस आणि कडवट, अमेरिकन विनोद मोकळाढाकळा आणि शेवटी गळ्यात पडणारा. कारण काय, तर इंग्रज जन्मजात निराशावादी आणि अमेरिकन जन्मजात आशावादी. दोन्हीकडच्या मालिकांचा विषय निघाला की कोणीतरी हे ऐकवतंच. मला हे स्पष्टीकरण आळशी वाटतं. राष्ट्रीय स्वभावावर घसरण्याआधी एक साधा हिशेब करावा: कोणत्या मालिकेचे वर्षाला किती भाग निघत होते?

'द ऑफिस'च घ्या. मूळ मालिका बीबीसीची, २००१ची. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिलेली. स्लाउ नावाच्या रटाळ गावातली कागद विकणारी कंपनी आणि स्वतःला फार विनोदी समजणारा तिथला साहेब, डेव्हिड ब्रेंट. सहा-सहा भागांचे दोन सीझन, २००३च्या नाताळात दोन विशेष भाग, दुकान बंद. अमेरिकेत एनबीसी या वाहिनीने २००५ साली हेच ऑफिस पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला नेलं. ब्रेंटचा मायकेल स्कॉट झाला, स्टीव्ह करेलने तो केला, आणि २०१३पर्यंत २०१ भाग झाले.

आता गंमत बघा. अमेरिकन मालिकेचा पहिला सीझनही सहाच भागांचा होता आणि तो चांगलाच ब्रिटिश वाटतो. मायकेलचे केस चापूनचोपून बसवलेले, माणूस नकोसा, पहिला भाग तर जवळजवळ मूळ संहितेवरूनच उतरवलेला. दुसऱ्या सीझनला २२ भाग करायचे ठरले आणि मायकेल बदलला. मूर्ख तो राहिलाच, पण मनाचा चांगला निघाला, आणि गिऱ्हाईक पटवण्यात तर खरोखर हुशार. तिथल्या लेखकांना एका उन्हाळ्यात आशावादाचा झटका आला म्हणून हे झालं का? ब्रेंट सात तास सहन करता येतो, सत्तर तास नाही, एवढंच.

यामागे पैसा आहे. अमेरिकन नेटवर्क, म्हणजे देशभर दिसणारी मोठी वाहिनी, निर्मात्याला जे द्यायचं त्यात मालिकेचा खर्च सुटत नसे. खरी कमाई पुढे, शंभरेक भाग जमले की ते गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवायला विकून. म्हणून वर्षाला २२-२४ भाग, म्हणून खोलीभर लेखक, आणि म्हणूनच रोज संध्याकाळी घरात आलेली चालतील अशी पात्रं. बीबीसी परवाना शुल्कावर चालते, जाहिराती नाहीत. तिथे दोन माणसं मिळून सहा भाग लिहितात आणि पुरे वाटलं की थांबतात. हॉटेलवाल्या तिरसट बॅझिल फॉल्टीची 'फॉल्टी टॉवर्स' १९७५ला सहा भाग, १९७९ला सहा, संपलं. एवढ्यात बॅझिलला सुधारायची गरजच काय?

तेव्हा माझा दावा असा: ज्याला आपण दोन देशांची विनोदबुद्धी म्हणतो ती बरीचशी दोन धंद्यांची रीत आहे. झोडपा.

तिरफळ

खडूसराव, हिशेब चोख आहे, पण त्यातून विनोदच वजा झाला.

भाग कमी असले की पात्र कडू राहू शकतं, मान्य. पण ते मुळात कडू कशाने होतं? ब्रिटिश मालिकांत बहुतेक वेळा सामाजिक पायरीमुळे. 'डॅड्स आर्मी' बघा. दुसरं महायुद्ध, किनाऱ्यावरचं छोटं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गृहरक्षक तुकडी. कॅप्टन मॅनरिंग हा बँकेचा मॅनेजर, सार्जंट विल्सन त्याच बँकेत त्याच्या हाताखाली. म्हणजे मॅनरिंग दोन्हीकडे वरचढ. पण विल्सन बड्या घराण्यातला, महागड्या शाळेत शिकलेला, आणि मॅनरिंग स्वतःच्या कष्टाने वर आलेला. विल्सन नुसतं "सर, हे शहाणपणाचं होईल का?" असं मऊ आवाजात विचारतो आणि मॅनरिंग आतून जळून खाक. एका भागात नातलग वारल्यामुळे विल्सनला नावाआधी 'ऑनरेबल' लावायचा हक्क मिळतो, आणि ज्या गोल्फ क्लबात शिरायला मॅनरिंग वर्षानुवर्षं धडपडतोय तिथून विल्सनला आपणहून बोलावणं येतं. त्यावेळचा मॅनरिंगचा चेहरा बघाच! यात भागांची संख्या कुठे आली? आणि आकडाच हवा असेल तर 'डॅड्स आर्मी'चे ८० भाग झाले, १९६८ ते १९७७. मॅनरिंग शेवटपर्यंत सुधारला नाही.

बॅझिलचंही तेच. पहिल्याच भागात त्याला हॉटेलात खानदानी गिऱ्हाईक हवं असतं. एक लॉर्ड येतो, बॅझिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो, आणि लॉर्ड निघतो भामटा. हे दुखणं अमेरिकेत पोचत नाही. १९८३ साली एबीसीने 'फॉल्टी टॉवर्स'वरून 'अमांडाज' काढली, बिया आर्थरला घेऊन, आणि त्यात बॅझिलच नव्हता! एकच बदल केलाय, बॅझिल काढलाय, असं निर्मात्यांनी आपल्याला सांगितल्याचं मूळ बॅझिल, जॉन क्लीज, मोठ्या चवीने सांगतो. मालिका काही महिन्यांत गुंडाळली.

एडिसनकर

तिरफळताई, अमेरिकेत पायऱ्या नाहीत हा समज मुक्काम वाढला की जातो. तिथे त्या माणसाच्या रंगात आणि मूळ देशात दिसतात. ब्रिटनमध्ये 'टिल डेथ अस डू पार्ट' होती: लंडनच्या पूर्व भागातला अल्फ गार्नेट, कामगार, वर्णद्वेष्टा, तोंडाळ. अमेरिकन निर्माता नॉर्मन लिअरने त्याचा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला आर्ची बंकर केला. 'ऑल इन द फॅमिली', १९७१ ते ७९. सलग पाच वर्षं देशात पहिल्या क्रमांकावर. हा गोड माणूस होता? शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब आलं म्हणून थयथयाट करणारा, जावयाला 'मीटहेड' म्हणणारा! त्याची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अमेरिकन 'ऑफिस'चा दुसराच भागही वांशिक विविधतेच्या प्रशिक्षणावर आहे, आणि तो पाहताना अंगावर काटा येतो.

आता खडूसकाकांकडे. 'साइनफेल्ड', न्यूयॉर्कमधल्या चार मित्रांची मालिका: एनबीसी, जाहिराती, खोलीभर लेखक, १८० भाग. तुमच्या गणितानुसार चौथ्या-पाचव्या सीझनला ही चौकडी विरघळायला हवी होती. पण तिच्या कर्त्यांपैकी लॅरी डेव्हिडचा नियमच होता: मिठ्या नाहीत, धडे नाहीत. १९९८च्या शेवटच्या भागात तर भर रस्त्यात लुटल्या जाणाऱ्या माणसाची हे टिंगल करत उभे राहतात आणि थेट तुरुंगात जातात. गोडवा शोधून दाखवा.

खडूस_कारकून

@तिरफळ: पायरीचा मुद्दा मानतो. तो ब्रिटिश विनोदाचा कच्चा माल आहे. मी कारखान्याबद्दल बोलतोय.

@एडिसनकर: आर्चीला शेवटी मऊ केलंच की. नंतरच्या वर्षांतला आर्ची पाहिलात का? आणि 'साइनफेल्ड'ची चौकडी स्वार्थी आहे, पण हरलेली नाही. ती दुसऱ्यांना हसते आणि आपण तिच्या बाजूने बसून हसतो. ब्रेंटला आपण हसतो आणि त्याची आपल्यालाच लाज वाटते. फरक आहे.

चुळबुळ

आणि त्या चौकडीतला जॉर्ज? नोकरी नाही, केस नाहीत, आईवडिलांच्या घरात मुक्काम. तोही हरलेला नाही?

गप्प_बसा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी चालू द्या.

लेस्टरची_लेक

इथे इंग्लंडात बरीच वर्षं काढल्यावर सांगते, तुम्ही सगळे ज्याला ब्रिटिश विनोद म्हणताय तो इथल्या निम्म्या लोकांचा आवडता विनोद नाहीच. इथे कोणालाही विचारा, पहिलं नाव येईल 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'चं. दक्षिण लंडनच्या पेकममधले दोन भाऊ, डेल बॉय आणि रॉडनी, फुटकळ माल खपवून "पुढच्या वर्षी आपण लखपती" म्हणत जगणारे. १९९६च्या नाताळात त्यांच्या गॅरेजमधलं एक जुनं घड्याळ लिलावात साठ लाख पौंडांवर जातं आणि ते खरोखर श्रीमंत होतात. तो भाग २ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. इंग्रजांना गोड शेवट चालत नाही म्हणे! (पुढे २००१मध्ये लेखक जॉन सलिव्हनने त्यांचे सगळे पैसे बुडवून त्यांना परत पेकमला आणलं. ते मात्र अस्सल ब्रिटिश.)

'ऑफिस'बद्दलही तेच. नाताळच्या विशेष भागात ऑफिसातले टिम आणि डॉन एकत्र येतात. ब्रेंटसुद्धा त्या उर्मट फिंचला एकदाचं सुनावतो, त्याला चांगली बाई भेटते, शेवटी सगळे त्याच्या विनोदाला हसतात. ते पाहून डोळे पुसणारे माझ्या ऑफिसात खूप आहेत.

एक मुद्दा राहतोय तो हशाचा. 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकन मालिका. सीबीएस वाहिनीने तिच्यावर डबाबंद हशा, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं हसू, लादला होता, तो लेखक लॅरी गेलबार्टला नको होता. शस्त्रक्रियेच्या खोलीत तरी हसू नका, एवढीच सूट मिळाली. बीबीसीने मात्र मालिका हशाशिवाय दाखवली. त्यामुळे तेच भाग, तेच संवाद, पण इथे ती उदास मालिका आणि तिथे विनोदी. हशासकटची फीत लावून बघा, त्यातल्या हॉकआय या डॉक्टरचा प्रत्येक टोमणा टाळीसाठी मारल्यासारखा वाटतो. मग विनोदबुद्धी कोणाची धरायची? लेखकाची, प्रेक्षकाची, की हशाचं बटण दाबणाऱ्याची?

खडूस_कारकून

@लेस्टरची_लेक: दंडवत. 'मॅश'चं उदाहरण मी माझ्या खात्यात जमा करून घेतो. स्वभाव तोच, कारखाना बदलला की माल बदलला.

बिनपगारी

ब्रिटिश विनोदी नट स्टीफन फ्रायचं ते विवेचन कोणी आणलं नाही अजून? एका अमेरिकन चित्रपटात जिन्यावर बसून गिटार वाजवत मुलींना गाणं ऐकवणारा एक बिचारा असतो. जॉन बेलुशी येतो, त्याच्या हातातली गिटार घेतो आणि भिंतीवर आपटून फोडतो. फ्राय म्हणतो, अमेरिकन विनोदी नटाला बेलुशीची भूमिका हवी असते आणि ब्रिटिशाला त्या गाणाऱ्याची. मला तरी हे एक वाक्य तुमच्या सगळ्या आकडेवारीपेक्षा पटतं.

अवांतर: मराठी माणसाने ब्रिटिश विनोद आवडतो म्हणणं हे बऱ्याचदा "मी चार पुस्तकं वाचलीत" हे सांगण्यासाठी असतं. 'फ्रेंड्स' स्टार वर्ल्डवर चोरून बघायची आणि चारचौघांत वुडहाउसचं नाव घ्यायचं. त्या वुडहाउसने आयुष्याचा मोठा काळ अमेरिकेत काढला आणि १९५५ साली तिथलं नागरिकत्वही घेतलं. त्याच्या काल्पनिक इंग्लंडचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकनच होतं.

मंत्री आणि त्याला गुंडाळणारा सचिव सर हम्फ्री यांच्यावरची 'येस मिनिस्टर' मात्र आपल्याला खरंच भिडते, आणि त्याला प्रतिष्ठेचं कारण नाही. सचिवालय आपण साहेबाकडूनच घेतलं. २००१ साली स्टार प्लसवर तिचा हिंदी अवतार 'जी मंत्रीजी' आली तेव्हा फारूक शेख आणि जयंत कृपलानी यांना फारसं काही बदलावं लागलं नाही. सर हम्फ्रीची लांबलचक वाक्यं मंत्रालयात सहज खपतील.

एडिसनकर

@बिनपगारी: फ्रायचं वाक्य सुंदर आहे आणि चूक आहे. चार्ली ब्राउनपासून होमर सिम्पसनपर्यंत अमेरिकेने हरणारेच पुजले.

माजघर

खडूसराव, तुमचा कारखाना मोडणारं उदाहरण देते. 'लास्ट ऑफ द समर वाइन', १९७३ ते २०१०, २९५ भाग. यॉर्कशरमधले तीन म्हातारे दिवसभर गावभर उनाडतात. सगळेच्या सगळे भाग रॉय क्लार्क या एकाच माणसाने लिहिले. ना जाहिराती, ना लेखकांची खोली. आणि किती गोड! बीबीसी असून गोड.

उलट बाजूचंही घ्या. आता स्ट्रीमिंगमुळे अमेरिकेतही आठ-दहा भागांचे सीझन झालेत. म्हणजे मालिका कडू व्हायला हव्यात. मग 'टेड लासो' कुठून आली? पहिला सीझन दहा भागांचा, २०२०चा. अमेरिकन प्रशिक्षक इंग्लंडच्या फुटबॉल क्लबात जातो आणि नुसत्या चांगुलपणाने सगळ्यांना जिंकतो. मधाचं पोळं आहे ते. भाग कमी केल्याने साखर कमी झाली नाही.

खडूस_कारकून

माजघर, २९५ भाग झाले म्हणूनच ती गोड झाली! सुरुवातीचे सीझन पाहा, तीन बेकार माणसांच्या कंटाळ्यावर आहेत ते. पुढे टेकडीवरून बाथटबमध्ये बसून घसरणं आलं.

'टेड लासो'बद्दल: तिच्या कर्त्यांपैकी बिल लॉरेन्स कुठला? 'स्पिन सिटी' आणि 'स्क्रब्ज'वाला, म्हणजे नेटवर्कच्या खोलीत तयार झालेला. एका पिढीची सवय दहा भागांत जात नाही.

तिरफळ

म्हणजे भाग वाढले तर भागांमुळे गोड, आणि कमी झाले तर जुन्या सवयीमुळे गोड. छान! असा सिद्धांत मलाही करता येईल.

एडिसनकर

हाहा. ताई, या एका बाबतीत आपण एकत्र.

एक उदाहरण तुम्हा दोघांनाही अडचणीचं. बीबीसीची 'द थिक ऑफ इट' ही राजकीय मालिका आर्मांडो आयनुचीची. २००७मध्ये एबीसीने तिचा अमेरिकन नमुना भाग केला, तो फसला. मग आयनुची स्वतः एचबीओवर गेला आणि २०१२मध्ये 'वीप' आली. ज्युलिया लुई-ड्रायफसची उपाध्यक्ष सेलिना मायर: शिवराळ, भित्री, सत्तेसाठी काहीही करणारी. त्यासाठी ज्युलियाला सलग सहा एमी, म्हणजे टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले. इथपर्यंत खडूसकाका म्हणतील, केबल, दहा भाग, जाहिराती नाहीत. तिरफळताई म्हणतील, लिहिणारे ब्रिटिश. पण पाचव्या सीझनपासून आयनुची सोडून गेला आणि डेव्हिड मँडेल आला, अमेरिकन, 'साइनफेल्ड'च्या लेखकांतला. सेलिना मवाळ झाली का? उलट आणखी निर्दय झाली. शेवटच्या भागात तर जन्मभर तिची पर्स सांभाळणाऱ्या गॅरीला ती स्वतःच्या घोटाळ्यासाठी तुरुंगात पाठवते.

लेस्टरची_लेक

अहो एडिसनकर! मी अजून सहाव्या सीझनला आहे.