मदत हवी आहे: रोटेनोनच्या रॅटमध्ये टीएच घसरलं, सिनॅप्टोफायसिन मात्र जागचं हललं नाही

पऱ्हाटीवाली:
नमस्कार मंडळी. एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. कॉलेज विदर्भातल्या तालुक्याच्या गावी. पार्किन्सनवर, म्हणजे आपल्या कंपवातावर काम चालू आहे आणि आता चांगलीच अडकले आहे.

विस्टर जातीच्या रॅटना रोटेनोन दिलं, हे कीटकनाशक त्यांच्यात पार्किन्सनसारखी लक्षणं आणतं. चाल मंदावली, रोटारॉडवरून (फिरत्या दांड्यावरून) लवकर पडायला लागले. स्ट्रायाटम, म्हणजे मेंदूतला हालचाली सांभाळणारा भाग, त्याचा वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीनं प्रोटीन मोजायची चाचणी) केला तर डोपामिन बनवायला लागणारं एन्झाइम टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे टीएच, स्पष्ट कमी. पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लिन वाढलेलं. सिनॅप्समधलं (चेतापेशींच्या सांध्यातलं) प्रोटीन पीएसडी-९५ थोडं कमी. पण सिनॅप्समधलीच सिनॅप्टोफायसिन आणि स्नॅप-२५ ही प्रोटीनं कंट्रोलइतकीच, म्हणजे रोटेनोन न दिलेल्या रॅटइतकीच! गाइड सर म्हणतात, डोपामिन सोडणारी चेतातंतूंची टोकं गेली तर सिनॅप्टोफायसिन पडायलाच पाहिजे, ब्लॉट पुन्हा कर. अँटिबॉडी संपत आलीय, नवीन मागवली तर कधी येईल भरवसा नाही. शिवाय इकडे लाइन जाते तेव्हा डीप फ्रीझरचा आकडा उणे ८० वरून वर चढताना बघत बसावं लागतं. नमुने खराब झाले असतील का? की निकालच खरा आहे?

(घरी काकांनी विचारलं, रोटेनोन म्हणजे आपण कपाशीवर मारतो तेच का? नाही. ते डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांतून मिळतं, आमच्याकडे कोणी फवारत नाही. २०१७ च्या यवतमाळच्या विषबाधेपासून औषधाचं नाव काढलं की सगळे कान टवकारतात.)

नागपुरी_संत्रं:
ताई, सरांचा मान ठेवून सांगतो, पुन्हा करण्याआधी हिशेब बघा. स्ट्रायाटममधल्या सिनॅप्सपैकी डोपामिनचे साधारण दहातले एखादेच. बाकी बहुतेक कॉर्टेक्स आणि थॅलॅमस या मेंदूच्या भागांकडून येणारे, ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचे. सिनॅप्टोफायसिन हे व्हेसिकलवरचं (रसायन साठवणाऱ्या इवल्या पिशवीवरचं) प्रोटीन, ते या सगळ्यांतच असतं. कपाशीत मध्ये मध्ये तुरीचं तास असतं ना, तूर वाळली तरी सगळ्या वावरातली झाडं मोजली तर फरक कुठं दिसतो? टीएच मात्र फक्त तुरीचं मोजतं. स्नॅप-२५ चंही तेच.

पीएसडी-९५ चं वेगळं आहे. ते पलीकडच्या बाजूचं, घेणाऱ्या पेशीतलं. डोपामिन तुटलं की स्ट्रायाटममधल्या मीडियम स्पायनी न्यूरॉन या मुख्य पेशींचे काटे (सिनॅप्स जिथे जुळतात ते बारीक उंचवटे) कमी होतात, हे दुसऱ्या मॉडेलमध्येही दाखवलेलं आहे. म्हणून तुमचा निकाल मला तरी सुसंगत वाटतो. फक्त पीएसडी-९५ नाजूक आहे, कॅल्पेन हे एन्झाइम त्याला तोडतं. मेंदू काढून गोठवायला ज्या रॅटमध्ये उशीर झाला असेल, ते वेगळे काढून बघा.

वर्धेकाठचा:
हाव, हेच. आणि एक पाहा, लोडिंग कंट्रोल (प्रत्येक नमुना सारखाच घेतलाय हे दाखवणारं प्रोटीन) कोणता धरला? सिनॅप्टोफायसिन ३८ केडीएला (केडीए म्हणजे प्रोटीनच्या वजनाचं माप) येतं, अ‍ॅक्टिन ४२ ला. त्याच मेम्ब्रेनवर (ब्लॉटच्या पापुद्र्यावर) स्ट्रिपिंग, म्हणजे आधीची अँटिबॉडी धुऊन काढणं, नीट न करता अ‍ॅक्टिन लावलं तर दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात आणि सगळ्या लेन (नमुन्यांच्या रांगा) सारख्याच दिसतात. जीएपीडीएच हे दुसरं नेहमीचं कंट्रोल तर ३७ लाच, ते नकोच. पोन्सो रंगानं एकूण प्रोटीन मोजा, अँटिबॉडीचा खर्चही वाचतो.

रोटेनोनचं मॉडेल तसंही लहरी आहे बाप्पा. २००० साली ग्रीनअमायरच्या गटाने रॅटना शिरेतून सतत दिलं, तेव्हाही प्रत्येकाच्या मेंदूत सारखी इजा झाली नव्हती. म्हणून सरासरीवर भागवू नका, प्रत्येक रॅटचं टीएच एका अक्षावर आणि पीएसडी-९५ दुसऱ्यावर टाकून बघा.

काकांना सांगा, रोटेनोन नसलं तरी पॅराक्वाट हे तणनाशक आहेच. २०११ च्या अमेरिकन अभ्यासात या दोन्हींच्या वापराशी पार्किन्सनचा धोका साधारण अडीचपट जोडलेला आढळला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं नाही. पण हातमोजे न घालता टाकी भरू नका, एवढं बजावून सांगा.

पऱ्हाटीवाली:
दादा, अ‍ॅक्टिनच लावलं होतं, तेही त्याच मेम्ब्रेनवर. ते तपासते. जुन्या फोटोत पट्टे वेगळे दिसतात, पण एक्स्पोजर जास्त आहे. सरांना पटवायला नुसतं "सिनॅप्स दहातला एक" पुरेल का? अजून एखादा मार्कर सुचवा. पुन्हा रॅट मागायचे तर एथिक्स कमिटीकडे नव्याने अर्ज.

नागपुरी_संत्रं:
नवे रॅट नकोत. उरलेल्या लायसेटवर (वाटून विरघळवलेल्या मेंदूच्या नमुन्यावर) डीएटी किंवा व्हीमॅट-२ लावा, ही डोपामिनच्या टोकांवरची प्रोटीनं. सोबत व्हीग्लुट-१, ते कॉर्टेक्सकडून आलेल्या टोकांचं. डीएटी पडलं आणि व्हीग्लुट-१ तसंच राहिलं, तर सिनॅप्टोफायसिन का हललं नाही ते सरांना एका चित्रात दिसेल. मात्र डीएटीचा नमुना उकळू नका, गुठळी होऊन जेलच्या वेलमध्येच (नमुना भरायच्या खाचेतच) अडकतं. ३७ अंशावर अर्धा तास ठेवा, मग जेलवर घ्या.

पऱ्हाटीवाली:
फॉर्मॅलिनमधले काही मेंदू पण शिल्लक आहेत. त्यावर टीएचचा रंग घेता येईल ना? नागपूरला कोणाच्या ओळखीत क्रायोस्टॅट (गोठवलेल्या मेंदूचे पातळ काप करायचं यंत्र) असेल तर कळवा, मी एसटीनं डबा घेऊन येते.