शब्दचर्चा : ‘पीळदार’ की आणखी काही?

रेघोटी : अनुवादात अडले आहे. डच छापचित्रकार हेन्द्रिक गोल्त्सिउसने १५८९ साली हार्लेममध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला हर्क्युलिस. हातात गदा आणि बैलाचं मोडलेलं शिंग, अंगावर तसूभरही सपाट जागा नाही. मी ‘पीळदार देहाचा’ लिहिलं, संपादकांनी ‘स्नायुयुक्त’ केलं. दोन्ही पटत नाहीत. पीळ दोरखंडाला असतो, इथे नुसते उंचवटे आहेत. डच लोक या चित्राला ‘क्नोलेनमान’ म्हणतात, म्हणजे गड्ड्यांचा माणूस.

जुनी पोथी : ‘स्नायू’ मुळातच चूक. संस्कृतात स्नायू म्हणजे शिरा-कंडरांसारखा बंध. मांसाला शब्द ‘पेशी’.

सदाशिव_पेठ : आणि मराठीत पेशी म्हणजे काय, ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. हर्क्युलिस ‘पेशीदार’ लिहिलात तर वाचक सूक्ष्मदर्शक शोधेल. रुळलेला शब्द तो बरोबर शब्द.

जुनी पोथी : रुळली म्हणून चूक सुधारायची नाही, हे मला मान्य नाही.

तालीमवाला : आमच्या आजोबांच्या तोंडी ‘दंडाच्या बेटकुळ्या’ असायचं. हात दुमडला की बेडकी उडी मारल्यासारखी वर येते. लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. त्यांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. या हर्क्युलिसच्या तर बरगड्यांवरही बेटकुळ्या आहेत!

ठसा : ‘पीळदार’ टाकू नका. मी छापचित्रं करतो. ब्युरिन, म्हणजे पत्रा कोरायचं टोकदार हत्यार, खोल रेटला की रेघ जाड होते, हात हलका केला की बारीक. गोल्त्सिउसचा उजवा हात लहानपणी भाजून आखडलेला होता, आणि त्याच हाताने या फुगत-निमुळत्या रेघा काढल्या. पीळ देहात नसेल, रेघेत आहे.

रेघोटी : हे फार उपयोगी. पण रोमहून परतल्यावर त्याने तिथला प्राचीन पुतळा, फार्नेसे हर्क्युलिस, पाठमोरा कोरला, तो मला पीळदार वाटतो. भारी असूनही सलग. १५८९च्या हर्क्युलिसला वेगळा शब्द हवाच. ‘गड्डेदार’?

सदाशिव_पेठ : गड्डा कोबीचा.

तालीमवाला : थांबा, ‘क्नोल’ म्हणजे आपला नवलकोलच की! डच ‘क्नोलकोल’, म्हणजे गड्ड्याची कोबी.

जुनी पोथी : नवलकोल नव्हे, अलकोल. आमच्या घरी तसंच म्हणतात.

ठसा : बाजारात मात्र मी नवलकोलच ऐकलंय.

जुनी पोथी : कुठल्या बाजारात?