गणेशोत्सवाच्या नाटिकेतील मावशीची भाषा

बी-३०४ : सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. शनिवारी मुलांनी क्लब हाउसमध्ये गणेशोत्सवाच्या कौटुंबिक नाटिकेचे वाचन केले. त्यांनी फार मेहनत घेतली आहे, हे आधी नमूद करते. नाटिकेत सिंधी शेजारी आहेत, तेलुगू डॉक्टर आहेत, म्हणजे नागपूरच्या बेसा भागातली आपली सोसायटी आहे तशीच ती दिसते. तरीही एक गोष्ट मनाला लागली. दोन पिढ्या नागपुरात राहिलेले ते कुटुंब पुण्याच्या मालिकेसारखे बोलते आणि नागपुरी बोलते ती एकटी कामवाली मावशी. "चहा ठेवून राहिली जी," एवढेच ती म्हणाली आणि सगळा हॉल हसला. त्या वाक्यात विनोद कोणता होता?

ए-१०१ : ताई, विनोदी नाटकात थोडी अतिशयोक्ती चालायचीच. सगळ्या समाजांची माणसे रंगमंचावर आली, हेच पुरेसे नाही का? मुलांना नाउमेद करू नये, असे वाटते.

बी-३०४ : काका, माणसे आली याचा मलाही आनंद आहे, पण आल्यावर त्यांना करायला काय दिले, हेही पाहावे लागते. 'मॉडर्न फॅमिली' ही अमेरिकी मालिका २००९ ते २०२० अशी ११ पर्वे चालली. लॉस एंजेलिसच्या उपनगरातल्या एकाच गोतावळ्याची तीन घरे, त्यात कोलंबियाहून आलेली ग्लोरिया, दोन पुरुषांचे जोडपे आणि त्यांनी व्हिएतनाममधून दत्तक घेतलेली मुलगी. ग्लोरियाच्या उच्चारांवर त्यात विनोद भरपूर आहेत आणि त्यावर टीकाही झाली, ती मला रास्त वाटते. मात्र एका प्रसंगात ती चिडून विचारते, की मी स्पॅनिशमध्ये किती हुशार आहे याची तुम्हाला कल्पना तरी आहे का? तिला संसार आहे, मुलगा आहे, राग आहे, शहाणपण आहे. आपल्या मावशीकडे उच्चारांखेरीज काहीच नाही. तिला साधे नावसुद्धा दिलेले नाही.

आणि ही बोली अशुद्ध नव्हे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, हिंदीशी आपला शेजार जुना आहे; 'करून राहिला' हे 'कर रहा है'च्या किती जवळचे आहे पाहा. खाली पार्किंगमध्ये आपण सगळेच असे बोलतो. सिंधी काकांचेही तेच झाले आहे, ते प्रत्येक प्रवेशात फक्त नोटा मोजतात. नागपुरातल्याच जरीपटका भागात फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या घरांनी नव्याने संसार आणि दुकाने उभी केली, त्यातला एखादा प्रसंग मुलांना सहज सुचेल.

सी-२०२ : काकू, संहिता मी लिहिली आहे. तुमचा निरोप वाचून मी आजीच्या खोलीत गेलो, तर ती फोनवर आत्याला सांगत होती, "पोरगा नाटक लिहून राहिला." नाटिकेतली आजी मी तिच्यावरूनच लिहिली आणि तिचे सगळे संवाद मात्र बदलून टाकले, कारण मालिकांतल्या आज्या तशा बोलत नाहीत. मावशीचा प्रवेश मी नव्याने लिहितो आणि सिंधी काकांसाठी पाचव्या मजल्यावरच्या काकांशी बोलून घेतो.

ए-१०१ : मग पुढचे वाचन कधी ठेवायचे?

सी-२०२ : रविवारी संध्याकाळी ५ वाजता. तोपर्यंत आजीचे संवाद आजीच सांगणार आहे, मी फक्त लिहून घेईन.