ल्युमिनॉल ‘चमकतो’ की ‘प्रकाशतो’?

प्रश्न : विद्यार्थ्यांना दाखवायच्या ल्युमिनॉल या रसायनाच्या प्रात्यक्षिकाची टिपणे मराठीत लिहितो आहे. केमिल्युमिनेसन्सला, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतून निघणाऱ्या प्रकाशाला, ‘रासायनिक प्रतिदीप्ती’ म्हटलेले चालेल का? आणि द्रावण अंधारात निळे ‘चमकते’ असेच लिहू ना?

उत्तर : ‘प्रतिदीप्ती’ नको. तो शब्द फ्लुओरेसन्ससाठी वापरतात, आणि तिथे आधी बाहेरून प्रकाश पडावा लागतो. ल्युमिनॉलला दिवा लागतच नाही. अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि त्यातली काही ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. म्हणून नुसते ‘रासायनिक दीप्ती’ लिहा. काजव्याची ‘जीवदीप्ती’ही याच कुळातली.

‘चमकणे’ही मला खटकते. आरसा चमकतो, वीज चमकते. एकात उसना उजेड, दुसरीत क्षणाचा. काजव्याला ते शोभते, कारण त्याची उघडझाप चालू असते. इथे दोन द्रावणे जिथे मिळतात तिथे आधी निळे धागे उठतात, मग सगळे चंचुपात्र उजळते आणि सावकाश मंदावते. ‘प्रकाशते’ किंवा ‘उजळते’ लिहा. ‘तेवते’ लिहायचा मोह मलाही होतो, पण तेवायला वात हवी! ‘पेटते’ तर अजिबात नको.

– एक शंका. ग्लो स्टिक वाकवली की आतली काचेची नळी फुटून रसायने मिसळतात, पण उजेड देतो तो त्यातला रंजक. तोच रंजक अतिनील दिव्याखाली प्रतिदीप्ती दाखवतो. मग ‘प्रतिदीप्ती’ चूक कशी?

– शेवटची पायरी तीच, मान्य. पण नाव पडते ते ऊर्जा कुठून आली यावरून. तसा घोळ जुनाच आहे. हेनिग ब्रांट या जर्मन किमयागाराला १६६९ साली सापडलेला फॉस्फरस हवेत प्रकाशतो तो ऑक्सिडीकरणामुळे, म्हणजे ती रासायनिक दीप्ती. आणि त्याच्या नावाचा फॉस्फोरेसन्स मात्र आधी शोषलेला प्रकाश मागाहून सोडण्याला म्हणतात.

– ‘थंड प्रकाश’ का नको? पोरांना पटकन कळतो.

– कळतो, पण अर्धाच. ग्लो स्टिक कोमट पाण्यात धरली की उजेड वाढतो आणि लवकर संपतो, मग ‘थंड कसा?’ हा प्रश्न येणारच. लिहायचाच असेल तर ‘वस्तू तापल्यामुळे न आलेला’ एवढे त्याच वाक्यात जोडा.