एव्हन्स्टनची भरपाई: शहराच्या तिजोरीतून द्यावी की नाही?

रेणुका, शिकागो:
शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टन शहराने घरांच्या बाबतीत कृष्णवर्णीयांशी झालेल्या भेदभावाची भरपाई म्हणून 2021 मध्ये योजना मंजूर केली. 1919 ते 1969 या काळात शहरात राहिलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना आणि त्यांच्या थेट वारसांना घरासाठी प्रत्येकी 25,000 डॉलर, तेही गांजाविक्रीवरच्या स्थानिक करातून. मला हे रास्त वाटतं. गुलामगिरीचा हिशेब वॉशिंग्टनकडे मागावा, पण कोणत्या भागात कोणी राहायचं यात झोनिंग करणाऱ्या, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवणाऱ्या शहराचा हात होता. कृष्णवर्णीय कुटुंबं पश्चिमेच्या एका वस्तीत कोंडली गेली. देशभर अशा वस्त्या गृहकर्जाच्या नकाशांवर धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या गेल्या आणि बँकांनी हात आखडता घेतला. ज्या आजोबांना घर घेता आलं नाही, त्यांच्या नातवंडांकडे शिक्षणासाठी तारण ठेवायला काय असणार?

अभिजित:
भेदभाव झाला, यावर वादच नाही. माझा आक्षेप निकषावर आहे. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराने आपल्या कंत्राटांत 30 टक्के वाटा अल्पसंख्याकांसाठी राखला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये तो रद्द केला, कारण समाजात अन्याय होता एवढ्यावर वंशनिहाय वाटप करता येत नाही. एव्हन्स्टनमध्येही वारसाला आपल्या घरच्यांना कर्ज नाकारल्याचा एकही कागद द्यावा लागत नाही. 2024 मध्ये योजनेविरुद्ध दावा दाखल झाला तो याच मुद्द्यावर. शिवाय आम्ही 1998 ला इथे आलो. माझ्या कराच्या पैशाचा या पापाशी काय संबंध?

रेणुका:
त्याच निकालात न्यायालयाने म्हटलंय की शहराचा स्वतःचा भेदभाव सिद्ध होत असेल तर त्याला उपाय करता येतो. एव्हन्स्टनने तोच इतिहास आधी कागदोपत्री मांडून घेतला. कर्ज नाकारल्याचा कागद मागणं मला क्रूर वाटतं. ज्याला बँकेच्या दारातूनच परत पाठवलं, त्याच्याकडे कागद कुठून येणार?

नंदिनी, पुणे:
अभिजित, कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची पुढची पिढी अजून पुनर्वसनासाठी भांडते आहे. त्यांना आपण “धरण तुमच्या आजोबांच्या वेळचं” असं सांगतो का? सरकारं बदलतात, देणं संपत नाही. आणि भारतीयांना अमेरिकेचं दार मोठं उघडलं ते 1965 च्या स्थलांतर कायद्याने. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने देश हलवला नसता तर तो कायदा झाला असता का?

सुहास, न्यू जर्सी:
मी भरपाईच्या बाजूचा आहे आणि तरीही या योजनेच्या विरोधात. एव्हन्स्टनच्या नगर परिषदेत ठराव 8 विरुद्ध 1 ने झाला. विरोधातलं ते एक मत सिसिली फ्लेमिंग या कृष्णवर्णीय सदस्येचं होतं. त्यांचं म्हणणं होतं की ही गृहनिर्माण योजना आहे, तिला भरपाई म्हणू नका. सुरुवातीला पैसे हातात मिळतच नव्हते. घर घ्या, दुरुस्ती करा, नाहीतर हप्ता फेडा. नुकसान ज्याचं झालं त्याला पैसा कसा वापरायचा हेही शहरच सांगणार? रोख रकमेचा पर्याय 2023 मध्ये आला.

अभिजित:
सुहास, हे पटतं. मग उत्पन्न पाहून सगळ्याच गरजूंना घरासाठी मदत द्या ना. कोर्टातही टिकेल.

सुहास:
नाही, तिथे मी रेणुकाबरोबर आहे. गरिबाला मदत करणं वेगळं आणि आपण लुटलं त्याला परत देणं वेगळं. पहिल्या फेरीत 2022 मध्ये चिठ्ठ्या काढून 16 जण निवडले. 1969 ला जे अठरा वर्षांचे होते ते आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना आधी रोख द्या, वारसांच्या निकषांवर नंतर भांडू.