घर विकायचं नाही, पण चुलतभावाने त्याचा हिस्सा बिल्डरला द्यायचं ठरवलंय

कडुनिंब: नागपूरच्या धरमपेठेत आजोबांचं घर, वाटणी झालेली नाही. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून त्यांचंच नाव. वडील आणि आत्या विकणार नाहीत. काका वारले, त्यांच्या मुलाने बिल्डरशी सौदाचिठ्ठी (विक्रीचा करार) केली आहे. बिल्डर घरात शिरू शकतो का? शेजारच्या प्लॉटवर तो तळघरही खोदणार आहे.

दस्तऐवज: शिरू शकत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४: अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला सामाईक ताबा मिळत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. आणि तो त्याने लावला की वाटणी कायदा १८९३ चं कलम ४ वडिलांच्या आणि आत्याच्या कामाचं. त्यांनी तो हिस्सा घ्यायची तयारी दाखवली तर न्यायालय किंमत ठरवून त्यांनाच विकायला लावतं. अडतं ते पैशापाशी. धरमपेठेतल्या जागेची किंमत लहान नसते, म्हणून रकमेची सोय आत्तापासून बघा.

घाईत घरगुती वाटणीपत्रावर सह्या करू नका. घर विभक्त झालं की ही दोन्ही कलमं हातची जातात.

नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद लगेच करा. मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागेल. आत्याचं नाव गाळू नका, आणि चुलतभावाचं येणारच, त्याने तुमचं काही बिघडत नाही. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांवर लक्ष ठेवा. तुमच्या मिळकतीची सूचना दिसली की दिलेल्या मुदतीत लेखी हरकत पाठवा, पोचपावती जपा.

मुरूम: खोदकामाचं मनावर घ्या. काळ्या मातीवरचा जुना पाया असेल तर शेजारी खड्डा पडून माती सुकली की ती आकसते, आणि भिंतीला तिरपे तडे जातात. काम सुरू होण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रत्येक खोलीची पाहणी करून घ्या, तारखेसह फोटो काढा, प्रत बिल्डरला आणि मनपाच्या नगररचना विभागाला द्या. जुन्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने बसवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी तुटली तर तडा वाढतो आहे.

खड्ड्याच्या कडेला आधार आधी, खोदाई नंतर, हे लेखी मागा. सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार शेजारच्या जमिनीकडून २० वर्षं अखंड मिळालेल्या आधारावर हक्क सांगता येतो. त्यासाठी घराचं वय सिद्ध करावं लागतं, म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि मंजूर नकाशा शोधून ठेवा.

दस्तऐवज: एक राहिलं. घर ३० वर्षांवरचं असेल तर मनपाकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र मनपाला द्यायचं असतं. ते नसेल आणि कुणी घर धोकादायक असल्याची तक्रार केली, तर नोटिशीला उत्तर देताना हात रिकामे राहतात. प्लॉट एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा आहे का? असेल तर मुदत कधी संपते ते इथे लिहा, नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी.